भूक, भाकरी आणि पाच रुपयांचे पाकीट

जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात बालरोग विभागाबाहेर सकाळी जी रांग लागते, तिच्यात ताप, खोकला, जुलाब यांच्या बरोबरीने एक तक्रार रोज असते. ‘पोऱ्या काहीच खात नही.’ सांगणारी कधी आई असते, कधी आजी. कडेवरच्या तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हातात त्या वेळी बहुतेकदा एखादे फोडलेले पाकीट असते.

काल सकाळपासून काय काय खाल्ले, असे विचारले की आधी ‘काहीच नाही’ हेच उत्तर मिळते. चहा घेतला का, बिस्किटे खाल्ली का, दुकानातून काही आणले का, असे एकेक विचारत गेले की यादी पुढे येते. उठल्यावर कपभर गोड चहा आणि त्यात बुडवून चार-पाच बिस्किटे. दहा वाजता रडला म्हणून कुरकुरीत नळ्यांचे पाच रुपयांचे पाकीट. दुपारी वरणभाताचे दोन घास, तेही मोबाइल दाखवून. चार वाजता पुन्हा चहा आणि बिस्किटे. संध्याकाळी वडिलांनी येताना आणलेले आणखी एक पाकीट. मग रात्री साडेआठला भाजी-भाकरीचे ताट समोर येते आणि मूल तोंड फिरवते.

याचा साधा हिशेब मांडता येतो. पाच बिस्किटांतून सुमारे ११० उष्मांक मिळतात, साखर-दुधाच्या एका कपातून साधारण ६०, आणि तळलेल्या छोट्या पाकिटातून १०० च्या आसपास. दोन वेळचा चहा, दोन वेळची बिस्किटे आणि दोन पाकिटे मिळून साडेपाचशेच्या जवळ जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने चार ते सहा वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज १,३६० उष्मांक धरली आहे. म्हणजे ज्याने ‘काहीच खाल्ले नाही’ त्या मुलाने दिवसाच्या गरजेतला चाळीस टक्के वाटा जेवणाबाहेरच उरकलेला असतो. त्यात प्रथिने आणि लोह मात्र नावापुरतेच असते. रात्री भूक लागणार कुठून?

तक्रार खोटी नसते. आईला जे दिसते ते ती सांगते, आणि तिला दिसते ते ताट. अधूनमधून तोंडात गेलेले घरात कुणी ‘खाणे’ या खात्यात मांडतच नाही.

दुसरीही एक गोष्ट कुणी सांगितलेली नसते. जन्मताना तीन किलोचे बाळ वर्षाच्या शेवटी नऊ किलोच्या आसपास पोहोचते, म्हणजे वजन तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम अडीच किलोने वाढते आणि त्यानंतर शाळेत जाईपर्यंत वर्षाला साधारण दोन किलोंनी. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते, आणि तो निसर्गाचाच हिशेब आहे. दीड वर्षाचे मूल सहा महिन्यांपूर्वीच्या आवडीने खात नाही हे पाहून घर घाबरते. मग काहीतरी पोटात जावे म्हणून बिस्किट पुढे येते, दुधाची बाटली येते. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध पिणारी मुले जेवणाला हात लावत नाहीत, आणि दुधात लोह जवळपास नसतेच. अशी गोरी-गुटगुटीत दिसणारी मुले रक्त तपासल्यावर फिकट निघतात.

हा फिकटपणा किती पसरला आहे, ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसते. महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५३.८ टक्के होते. २०१९-२१ च्या फेरीत ते ६८.९ टक्के झाले. त्याच पाच वर्षांत जास्त वजनाच्या मुलांचे प्रमाण १.९ वरून ४.१ टक्क्यांवर गेले, आणि वयाच्या मानाने खुजी राहिलेली मुले अजून ३५ टक्के आहेत. एकाच राज्यात, कधी एकाच गल्लीत, तिन्ही प्रकारची मुले आहेत. लोह कमी पडले की मूल चिडचिडे होते, लवकर थकते, वारंवार आजारी पडते, अभ्यासात मागे पडते. भूकही मंदावते. म्हणजे न खाल्ल्याने रक्त कमी होते आणि रक्त कमी झाल्याने खाणे आणखी घटते. काही मुले माती, भिंतीचा पोपडा, पाटीवरची पेन्सिल खाऊ लागतात, त्यामागेही अनेकदा हेच असते.

चव शिकवावी लागते

आवड जन्मजात असते, असा घरोघरी समज असतो. ‘याला भाजी आवडतच नाही, याच्या बापालाही आवडत नव्हती.’ यात थोडे तथ्य आहे. गोड चव प्रत्येक बाळाला उपजत आवडते आणि कडू चव नकोशी वाटते. पण बाकीच्या चवी मूल शिकते, आणि हे शिक्षण पोटात असल्यापासूनच सुरू होते.

अमेरिकेतील ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात दाखवून दिले की गर्भवतीने लसूण खाल्ला तर त्याचा वास गर्भजलात उतरतो आणि स्तनदा मातेने खाल्ला तर दुधात. २००१ मध्ये त्यांनी गाजराच्या रसाचा प्रयोग केला. ज्या मातांनी गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत किंवा बाळ अंगावर पीत असताना गाजराचा रस घेतला होता, त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीची पेज जास्त खुशीने खाल्ली. खानदेशात तर लसणाशिवाय फोडणीच बसत नाही. इथले बाळ घरच्या स्वयंपाकाचा वास घेऊनच जन्माला येते, असे म्हणायला हरकत नाही. म्हणून बाळंतिणीला महिनोन्‌महिने एकाच फिक्या जेवणावर ठेवण्याची रीत फारशी उपयोगाची नाही. तिने हिरवी पालेभाजी, गिलके, डाळी, मेथी असे सगळे खाल्ले तर बाळाच्याच कामी येते.

सहा महिन्यांनंतर वरचे खाणे सुरू होते, तेव्हा पहिला नकार येतो. बाळ घास जिभेने बाहेर ढकलते. आई म्हणते, आवडले नाही, आणि तो पदार्थ घरातून बाद होतो. मानसशास्त्रज्ञ लीन बर्च यांनी १९८० च्या दशकापासून लहान मुलांवर केलेले प्रयोग वेगळे सांगतात. नवी चव पटायला मुलाला ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा चाखावी लागते. नुसते पाहून भागत नाही, जिभेला लागावी लागते. घरात मात्र बहुतेक भाज्यांना दोन-तीनच संधी मिळतात. पोकळ्याची भाजी नाकारलेल्या मुलाला दर तीन-चार दिवसांनी पुन्हा बोटभर द्यावी, खाल्ली नाही तर उचलून ठेवावी आणि त्यावर चर्चा करू नये. महिना-दीड महिना लागतो. हे सांगितल्यावर पालकांची थोडी निराशा होते, कारण त्यांना औषधाची बाटली हवी असते.

बर्च यांनी आणखी एक गोष्ट मांडली, ती घराघरातल्या सौद्याबद्दल आहे. ‘भाजी संपव, मग चॉकलेट देते.’ त्या दिवशी भाजी संपते. पण बक्षिसासाठी खायला लावलेला पदार्थ मुलाला पुढे आधीपेक्षा कमी आवडतो, असे १९८४ च्या त्यांच्या प्रयोगात दिसले. मुलाचा तर्क सरळ असतो. ज्यासाठी लाच द्यावी लागते ते वाईटच असणार, आणि लाच म्हणून जे मिळते ते उत्तम. उलट टोकही कामाचे नाही. एखादा पदार्थ डोळ्यांसमोर ठेवून त्याला पूर्ण बंदी केली की त्याची ओढ वाढते. म्हणून तो पदार्थ घरात आणायचाच नाही आणि लग्नाकार्यात, जत्रेत, वाढदिवसाला मुलाने खाल्ला तर डोळे वटारायचे नाहीत, एवढेच पुरे.

मुलांना मोकळे सोडले तर ती काय खातील, याचा जुना आणि धाडसी प्रयोग क्लारा डेव्हिस या अमेरिकी डॉक्टरांनी १९२६ पासून केला. नुकत्याच अंगावरून तुटलेल्या १५ बाळांसमोर रोज वेगवेगळ्या वाट्या ठेवल्या जात आणि ज्याला जे हवे ते, हवे तितके खाऊ दिले जाई. एकूण ३४ पदार्थ होते. मुलांनी चमत्कारिक जेवणे केली, कुणी सकाळी संत्र्याच्या रसाबरोबर कलेजी खाल्ली. पण महिन्यांचा हिशेब काढला तेव्हा सगळी मुले उत्तम वाढली होती. यावरून ‘मुलाला शरीरच सांगते काय हवे ते’ असा निष्कर्ष अनेकांनी काढला. डेव्हिसबाईंनी स्वतः मात्र खरी मेख सांगून टाकली होती. त्या ३४ पदार्थांत साखर नव्हती, मैदा नव्हता, डबाबंद काही नव्हते. मुलांनी निवड केली, पण यादी मोठ्यांनी ठरवली होती.

आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी पुढे हीच वाटणी सोप्या शब्दांत मांडली. काय वाढायचे, कधी आणि कुठे हे पालकांनी ठरवायचे. खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. आपल्याकडे नेमके उलटे चालते. काय आणि कधी हे मूल रडून ठरवते आणि किती खायचे हे आई घास कोंबून ठरवते.

कळण्याची भाकरी कुठे गेली?

खानदेशी घरापुढचा हा प्रश्न सोडवायला परदेशी ओट्स किंवा महागड्या डब्यातली पावडर लागत नाही. कळण्याची भाकरीच घ्या. ज्वारीबरोबर सालासकट उडीद दळून केलेले हे पीठ. घरोघर प्रमाण बदलते, साधारण चार भाग ज्वारीला एक भाग उडीद. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी असतो आणि उडदात तो भरपूर असतो. उडदात जे कमी पडते ते ज्वारी देते. दोन्ही एकत्र आले की प्रथिनाची प्रत सुधारते. ज्या बाईने हे प्रमाण पहिल्यांदा दळले तिला लायसिन माहीत नव्हते, पण शेतात दिवसभर टिकायला कोणती भाकरी लागते हे माहीत होते. तूर आणि मुगाच्या डाळीचे वाफवलेले फुनके आणि त्याबरोबर कढी, हेही याच जातकुळीतले जेवण. मुलाच्या डब्यात ते उत्तम टिकते.

बाजरीचे तर लोहाशी थेट नाते आहे. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६.४ मिलिग्रॅम लोह असते, ज्वारी आणि गव्हात ४ च्या आसपास आणि पांढऱ्या तांदळात एकही मिलिग्रॅम नाही. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातील बाजरी संशोधन योजनेतून ‘आदिशक्ती’ आणि ‘फुले महाशक्ती’ असे लोह-जस्त जास्त असलेले संकरित वाण आले आहेत. अशा लोहयुक्त बाजरीचा मुलांवर परिणाम पाहणारी एक चाचणी ग्रामीण महाराष्ट्रातच झाली आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींना सहा महिने दोन वेळच्या जेवणात बाजरीची भाकरी दिली गेली. काहींना लोहयुक्त वाणाची, काहींना साध्या बाजरीची. ज्यांच्या शरीरात सुरुवातीला लोहाची कमतरता होती, त्यांच्यात ती भरून निघण्याची शक्यता लोहयुक्त बाजरीच्या गटात ६४ टक्क्यांनी जास्त आढळली. गोळी नाही, टॉनिक नाही, रोजची भाकरीच.

तरीही शहरातच काय, खेड्यातही मूल ‘भाकरी नको, पोळी’ म्हणते. याचे एक कारण मोठ्यांच्या बोलण्यात आहे. दोन पिढ्या भाकरी ही गरिबीची खूण मानली गेली. पाहुणा आला की पोळ्या, घरचेच असले की भाकरी. मुलांना हा फरक बरोबर कळतो. दुसरे कारण पिठात आहे. बाजरीत स्निग्धांश जास्त असल्याने दळलेले पीठ लवकर खवट आणि कडसर होते. महिनाभराचे दळण एकदम आणले की शेवटच्या पंधरा दिवसांची भाकरी मुलाला कडू लागते, आणि मुलाचे चुकत नाही. आठवड्याला पुरेल इतकेच दळावे. गरम भाकरी, वर तुपाची धार आणि गुळाचा खडा, किंवा कुस्करून दूध घालून दिली तर दोन वर्षांचे मूलही खाते.

तिखट ही इथली आणखी एक अडचण. काळा मसाला, लाल तिखट आणि तेलाचा तवंग यांच्याशिवाय भाजी झाल्यासारखी वाटत नाही. तीन वर्षांच्या जिभेला भाजलेला तो पहिला घास मूल बरेच दिवस विसरत नाही. त्याने नाकारलेले असते तिखट, आणि घर समजते की वांगे नाकारले. मसाला घालण्याआधी मुलाच्या वाटणीची पळीभर भाजी बाजूला काढली की अर्धे भांडण मिटते. तिखटाची सवय पुढे आपोआप लागते, त्याची घाई कुणाला नसावी. शेवभाजी हा इथला अभिमानाचा विषय असल्याने तिच्याबद्दल बोलणे धोक्याचे आहे. पण शेव तळलेली आणि खारट असते, तेव्हा मुलाला ती रोजची भाजी म्हणून नको, आठवड्याच्या सणासारखी चालेल.

भरीत पार्टीतली वांगी

घरी वांग्याला हात न लावणारे मूल हिवाळ्यातल्या भरीत पार्टीत काय करते, ते पाहण्यासारखे असते. जळगावच्या भरताच्या वांग्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण बामणोदकडची ती मोठी, हिरवट-पांढरी वांगी त्याआधीपासूनच शेतात कपाशीच्या काड्यांवर भाजली जात आहेत. काड्या गोळा करायला मुले धावतात. सालीतून फुटणारा धूर पाहतात. लाकडी बडगीत वांगी ठेचली जाताना एखादा फटका मारायला मिळावा म्हणून भांडतात. मग शेंगदाणे, कांद्याची पात, हिरवी मिरची घालून झालेले भरीत पंगतीत वाढले जाते आणि सगळे चुलत-मावस भावंडे खातात म्हणून तेही खाते. कुणी ‘खा ना रे सोन्या’ म्हणत नाही, कारण कुणाचे त्याच्याकडे लक्षच नसते.

बर्च यांचा १९८० चा एक प्रयोग याच्याशी तंतोतंत जुळतो. एका भाजीला नाक मुरडणाऱ्या मुलाला ती भाजी आवडीने खाणाऱ्या मुलांच्या टेबलावर काही दिवस बसवले, तर तोही ती निवडू लागला आणि नंतर एकटा असतानाही निवडत राहिला. पंगतीत हेच होते. रोज शेतात जाता येणार नाही. पण मूल आधी एकटे जेवते, समोर मोबाइल, आणि मोठी माणसे नंतर टीव्हीसमोर, या व्यवस्थेत त्याने खाणे शिकावे कुणाकडे पाहून? दिवसातले एक तरी जेवण सगळ्यांनी खाली बसून, एकच ताटातले, पडदे बंद ठेवून व्हावे. मेथी निवडणे, वाटाणे सोलणे, भाकरीचा छोटा गोळा थापणे ही कामे चार वर्षांचे मूल करते. ज्याला हात लागला आहे ते तोंडात जाण्याची शक्यता वाढते. आणि वडिलांनी स्वतः गिलक्याची भाजी बाजूला सारली असेल तर मुलाला ती खा म्हणण्यात अर्थ नाही. आईनेच सगळे करावे असे गृहीत धरणाऱ्या घरांत हे वाक्य विशेष मोठ्याने वाचावे.

केळ्याचे काय? राज्यातील केळ्यांचा मोठा वाटा जळगाव जिल्ह्यात पिकतो. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यातून केळी उत्तरेत आणि परदेशात जातात. २०१६ मध्ये जळगावच्या केळ्यालाही मानांकन मिळाले. त्याच जिल्ह्यात हिवाळा सुरू झाला की मुलाला केळे बंद होते, कारण ‘सर्दी होते’. सर्दी विषाणूने होते, केळ्याने होत नाही. खोकणाऱ्या मुलालाही केळे चालते. केळ्यात लोह फारसे नसते, पण उष्मांक, पोटॅशियम आणि तंतू असतात, साल काढली की काम भागते, आणि दहा वाजताच्या पाकिटाची जागा ते सहज घेऊ शकते. केळ्याचे वेफर्स म्हणजे केळे नव्हे, ते तळण आहे, हेही एकदा सांगितलेले बरे.

हंगामातले मेहरूणचे बोर, पेरू, आवळा यांत भरपूर ‘क’ जीवनसत्त्व असते, आणि भाकरी-डाळीतले लोह शरीरात शोषले जायला ते मदत करते. वरणावर लिंबू पिळण्यामागेही तोच फायदा आहे. चहा नेमका उलटे काम करतो, जेवणाबरोबर घेतलेला चहा लोह अडवतो. लहान मुलाला चहा लागतच नाही, आणि मोठ्या मुलाने घेतलाच तर जेवणापासून तासभर तरी लांब असावा. एक सावधगिरी मात्र हवी. चार-पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे किंवा बी न काढलेले बोर देऊ नये. श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा काढण्यासाठी मुलाला भूल देण्याची वेळ आजही येते. कूट किंवा लाडू करून द्यावा.

शाळेच्या फाटकाबाहेर आणि आत

घरात शिकवलेले शाळेच्या फाटकाबाहेर पुसले जाते, ही पालकांची तक्रार रास्त आहे. जास्त मेद, मीठ आणि साखर असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०२० पासून आहे. फाटकाबाहेरच्या गाडीवाल्याला किंवा टपरीवाल्याला तो ठाऊक असण्याची शक्यता कमीच. पालकसभेत गणवेश आणि सहलीवर तासभर बोलले जाते, त्यातली दहा मिनिटे या ५० मीटरला द्यायला हरकत नाही.

फाटकाच्या आत मात्र एक मोठी संधी रोज शिजते. शालेय पोषण आहार देशात १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाला आणि २००१ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुलांना शिजवलेले अन्न मिळू लागले. आज पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरले आहे. त्यात लहान मुलासाठी ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे. शंभर मुले एकत्र बसून तीच उसळ खातात, म्हणजे बर्चबाईंचे टेबल इथे रोज मांडले जाते. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने आठवड्यातून एकदा अंडे आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे किंवा स्थानिक फळ देण्याचा निर्णय घेतला. एका अंड्यात सहा ग्रॅम उत्तम प्रथिने असतात. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा स्वतंत्र निधी थांबला आणि अंडी द्यायची असतील तर लोकसहभागातून द्यावीत, असे शाळांना सांगण्यात आले. बागायतदारांच्या गावात केळ्याचा घड शाळेत पोहोचवणे अवघड नाही. सातपुड्याच्या पाड्यावर लोकसहभाग कुणाचा मागायचा, हा प्रश्न उरतोच.

साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांतील आदिवासी वस्त्यांत ‘सवयी’ हा शब्दच अपुरा पडतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे मूल सहा महिने अंगणवाडीच्या बाहेर असते. तिथे प्रश्न मूल काय नाकारते हा नसून त्याच्या ताटात काय आहे हा आहे. त्या आईला सवयींवर व्याख्यान देण्यात अर्थ नाही, तिला शिधा, अंगणवाडी आणि काम लागते. पावसाळ्यात त्याच वस्त्यांतली मुले ज्या रानभाज्या चवीने खातात, त्या शहरात ९ ऑगस्टच्या रानभाजी महोत्सवात कौतुकाने विकत घेतल्या जातात. आणि पाच रुपयांची पाकिटे आता पाड्यावरच्या दुकानातही लटकतात, ही त्यातली वाईट बातमी.

राहिला औषधाचा मुद्दा. भूक वाढवणारे म्हणून विकले जाणारे सिरप डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. काहींनी झोप येते, आणि बाटली संपली की भूक पुन्हा जागेवर येते. मात्र सरकारी कार्यक्रमातले लोह चुकवू नये. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचे औषध, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी आणि किशोरवयीनांना निळी गोळी मोफत मिळते. वर्षातून दोनदा जंतनाशक गोळीही असते. शौचास काळसर होणे हा लोहाचा नेहमीचा परिणाम आहे, त्याला घाबरून औषध बंद करू नये.

अंगणवाडीतल्या वाढीच्या तक्त्यावर मुलाची रेघ चढती असेल, मूल खेळत असेल, तर ते पुरेसे खात आहे असे समजावे, ताटात किती उरले याची मोजदाद सोडून द्यावी. वजन लागोपाठ दोन-तीन महिने जागेवरच राहिले किंवा घटले, गिळताना ठसका लागत असेल, वारंवार उलट्या किंवा जुलाब होत असतील, तळहात पांढरट दिसत असतील, मूल माती खात असेल किंवा दोन-तीन पदार्थांपलीकडे काहीच तोंडात घेत नसेल, तर मात्र वाट पाहू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. जाताना आदल्या तीन दिवसांत मुलाच्या तोंडात काय काय गेले, ते वेळेसह कागदावर लिहून न्यावे. चहाचे कप आणि पाकिटेही त्यात धरावीत.